गाडीच्या रंगाची निगा : कोणते उत्पादन कशासाठी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सर्वांत चांगले वॅक्स कोणते, या प्रश्नाने बहुतेकांची सुरुवात होते. त्याचे एका वाक्यात उत्तर देता येत नाही, कारण रंग कशाने खराब होतो हे लक्षात आल्याशिवाय त्यावर काय लावावे हे ठरत नाही. म्हणून येथे वॅक्सची पाळी जरा उशिरा येते. रंगाची जाडी आणि गाडी धुण्याचे साहित्य यांविषयीचे प्रश्न आधी घेतले आहेत.

गाडीचा रंग मुळात किती जाड असतो?

पत्र्यावर सर्वांत खाली गंजरोधक थर, त्यावर प्रायमर, त्यावर प्रत्यक्ष रंगाचा बेस कोट आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट, अशी आजच्या बहुतेक गाड्यांची रचना असते. हे सारे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतात, आणि त्यांपैकी क्लिअर कोटच्या वाट्याला साधारण ३५ ते ५० मायक्रॉन येतात. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून अंदाज यावा. आपल्याला दिसणारी चकाकी या वरच्या थराची असते, अतिनील किरण अडवणारे घटकही त्यातच असतात, आणि पॉलिश करताना घासला जातो तोही हाच थर. कारखान्याने दिलेला हा थर वापरून कमी होतो, वाढत मात्र नाही. पुढच्या प्रत्येक उत्तरात हा हिशेब गृहीत धरला आहे.

नव्या गाडीवर लगेच वॅक्स किंवा कोटिंग लावावे, की काही महिने थांबावे?

कारखान्यात रंगवलेल्या गाडीसाठी थांबण्याचे कारण नाही. तिचा रंग १४० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवलेल्या भट्टीत भाजलेला असतो, त्यामुळे गाडी हाती येते तेव्हा तो पूर्णपणे पक्का झालेला असतो. अपघातानंतर किंवा अन्य कारणाने एखादे पॅनेल पुन्हा रंगवले असेल तर गोष्ट वेगळी. तो रंग बऱ्याच कमी तापमानाला वाळवलेला असतो आणि त्यातली द्रावके पुढे कित्येक आठवडे हळूहळू बाहेर पडत राहतात. अशा पॅनेलवर ३० ते ९० दिवस वॅक्स, सीलंट किंवा कोटिंग लावू नये. नेमका अवधी रंग देणाऱ्यालाच विचारावा, कारण तो वापरलेल्या रंगावर अवलंबून असतो.

नव्या गाडीबाबत अधिक महत्त्वाची सूचना अशी की, ताब्यात देण्यापूर्वी ती धुऊन-पुसून चकचकीत करू नये, असे विक्रेत्याला आधीच सांगून ठेवावे. माझ्या एका काळ्या गाडीच्या बोनेटवर पहिल्याच संध्याकाळी मी मोबाइलचा टॉर्च धरला, तेव्हा प्रकाशाच्या ठिपक्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखे गोलाकार बारीक चरे उमटलेले दिसले. गाडी त्या वेळी शंभर किलोमीटरही चाललेली नव्हती. कोणीतरी एकाच फडक्याने दिवसभर गाड्या पुसत आला असणार, आणि त्या रांगेत माझी गाडी शेवटची असावी.

मग पहिली खरेदी कशाची करावी?

धुण्याच्या साहित्याची. या कामातले लोक ज्यांना स्वर्ल म्हणतात ते बारीक चरे ऊन-पावसाने पडत नाहीत. रंगावर बसलेली धूळ फडक्याखाली किंवा स्पंजाखाली सापडून घासली गेली की ते पडतात. महागडे कोटिंग लावून गाडी जुन्या बनियनच्या तुकड्याने पुसणाऱ्यापेक्षा, काहीही न लावता गाडी नीट धुणाऱ्याचा रंग पाच वर्षांनंतर चांगला दिसतो, असे माझे ठाम मत आहे.

यासाठी चार वस्तू पुरतात : उदासीन सामू असलेला, म्हणजे आम्लही नाही आणि क्षारीयही नाही असा कार शाम्पू; लांब धाग्यांचा मायक्रोफायबरचा हातमोजा; दोन बादल्या; आणि पाणी टिपणारा एक मोठा टॉवेल. एका बादलीत शाम्पूचे पाणी आणि दुसऱ्या बादलीत साधे पाणी घ्यावे. प्रत्येक पॅनेल धुऊन झाले की हातमोजा आधी साध्या पाण्यात खळबळून, पिळून घ्यावा आणि मगच शाम्पूत बुडवावा. साध्या पाण्याच्या बादलीच्या तळाशी जाळी ठेवली तर खाली बसलेली रेती पुन्हा वर येत नाही. धुण्याआधी संपूर्ण गाडीवर भरपूर पाणी मारून सुटी धूळ वाहून जाऊ द्यावी, टपापासून सुरुवात करून खाली यावे, आणि सर्वाधिक रेती असलेला दारांचा खालचा भाग व बंपर शेवटी घ्यावा. चाकांसाठी वेगळा हातमोजा ठेवावा, कारण ब्रेकमधून निघणारे लोखंडाचे कण त्यात अडकतात आणि कितीही धुतले तरी पूर्ण निघत नाहीत.

सपाट स्पंज टाळावा, कारण रेतीला आत शिरायला त्यात जागा नसते आणि ती स्पंज व रंग यांच्यामध्येच घासत राहते. फोम फवारण्याचे यंत्र उपयोगी असते, पण ते वरच्या चार वस्तूंच्या नंतर घ्यावे.

भांडी घासण्याच्या साबणाने गाडी धुतली तर काय बिघडते?

एकदा धुतल्याने रंग खराब होत नाही. मात्र हा साबण तेलकटपणा काढण्यासाठीच बनवलेला असल्यामुळे वॅक्स झपाट्याने उतरवतो, आणि कार शाम्पूमध्ये हात सहज फिरावा म्हणून जो निसरडेपणा दिलेला असतो तो त्यात पुरेसा नसतो. कपड्यांची पावडर मात्र मुळीच वापरू नये; ती क्षारीय असते आणि तिचे न विरघळलेले कण घासले जातात.

मायक्रोफायबर टॉवेल निवडताना काय पाहावे?

चांगला मायक्रोफायबर पॉलिएस्टर आणि पॉलिअमाइड यांच्या मिश्रणाचा असतो. ८०:२० आणि ७०:३० ही नेहमीची प्रमाणे आहेत. पाणी आणि मळ धरून ठेवण्यात पॉलिअमाइडचा वाटा मोठा असतो. वेष्टनावर जीएसएम म्हणून जो आकडा असतो, तो एका चौरस मीटर कापडाचे ग्रॅममधले वजन सांगतो. ३०० ते ४०० जीएसएमचे टॉवेल वॅक्स आणि कोटिंग पुसून काढायला सोयीचे पडतात, त्याहून जाड टॉवेल पाणी टिपायला. आकडा मोठा म्हणजे टॉवेल चांगला, असा सरसकट नियम नाही; कडेची शिवण आणि शिवलेले लेबल यांनीही चरे पडतात, म्हणून कडा मऊ आहे ना हे बोटाने चाचपून पाहावे आणि लेबल कापून टाकावे. पाणी पुसताना टॉवेल रगडू नये. पसरून ठेवावा आणि अलगद ओढावा. जमिनीवर पडलेला टॉवेल झटकून पुन्हा रंगाला लावू नये. तो टॉवेल त्या दिवसापुरता बाद समजावा.

पॉलिश आणि वॅक्स एकच का?

नाहीत, आणि दुकानातला सर्वांत मोठा गोंधळ नेमका येथे होतो, कारण अनेक बाटल्यांवर दोन्ही शब्द शेजारी छापलेले असतात. पॉलिशमध्ये घासणारे अतिसूक्ष्म कण असतात, बहुधा अॅल्युमिनिअम ऑक्साइडचे. ते क्लिअर कोटचा अगदी पातळ पापुद्रा काढून चऱ्यांच्या कडा सपाट करतात आणि म्हणून रंग पुन्हा चमकतो. कंपाउंड हे त्याचेच अधिक जाडेभरडे भावंड. वॅक्स काहीही काढत नाही, ते वर बसते. थोडक्यात, पॉलिश ही दुरुस्ती आणि वॅक्स हे संरक्षण, आणि दुरुस्ती दर महिन्याला करण्याची वस्तू नव्हे.

ग्लेझ नावाचा तिसरा प्रकारही असतो. त्यातली तेले आणि भराव चऱ्यांमध्ये बसून ते काही काळ लपवतात. दोन-चार धुण्यांनंतर चरे पुन्हा वर येतात. विकायला काढलेली जुनी गाडी डोळ्यांत भरण्याइतकी चकाकत असेल, तर खरेदीपूर्वी ती एकदा शाम्पूने धुऊन उन्हात पाहावी.

ज्या बाटलीवर स्वच्छ करते, चरे काढते आणि संरक्षणही देते असे तिन्ही दावे आहेत, तिच्यात बहुधा थोडे घासणारे कण आणि थोडे वॅक्स असते. जुन्या, रोजच्या वापरातल्या गाडीला वर्षातून एकदा ती लावायला हरकत नाही, पण नव्या रंगावर तिची गरज नाही.

वॅक्स, सीलंट आणि सिरॅमिक कोटिंग यांतून निवड कशी करावी?

नैसर्गिक वॅक्समध्ये सर्वांत नावाजलेले कार्नोबा. ब्राझीलच्या ईशान्य भागातल्या एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवर हे मेण साठते. शुद्ध कार्नोबा ८२ ते ८६ अंश सेल्सिअसला वितळते आणि थंड असताना इतके कठीण असते की ते तसेच रंगावर लावता येत नाही. म्हणून डबीतल्या वॅक्समध्ये तेले, द्रावके आणि इतर मेणेही असतातच. '१०० टक्के कार्नोबा' याचा अर्थ फार तर त्यातला कार्नोबा अस्सल आहे एवढाच, संपूर्ण डबी कार्नोबाची आहे असा नव्हे. गडद रंगावर याने येणारी ऊबदार झळाळी खरोखरच देखणी असते. पण गाडी उघड्यावर उभी राहत असेल तर ते काही आठवडे, फार तर दोन-तीन महिने टिकते. ज्याला रविवारची सकाळ गाडीसोबत घालवायला आवडते, त्याने हे जरूर घ्यावे.

सीलंट म्हणजे कृत्रिम पॉलिमरचा थर. तो साधारण चार ते सहा महिने टिकतो, उन्हाला अधिक दाद देत नाही, आणि लावण्यात चूक झाली तरी पुसून निघतो. फवारून पुसायचे, सिलिकायुक्त सीलंट तर धुतल्यानंतर दहा-पंधरा मिनिटांत लावून होतात. एकाच उत्पादनाची शिफारस करा असा आग्रह धरला, तर रोज बाहेर उभ्या राहणाऱ्या आणि घरीच धुतल्या जाणाऱ्या गाडीसाठी मी हेच सुचवीन.

सिरॅमिक कोटिंग सिलिका किंवा सिलाझेन यांवर आधारलेले असते. ते हवेतल्या दमटपणाशी संयोग पावून क्लिअर कोटवर घट्ट चिकटलेला कठीण थर तयार करते. हा थर सहसा एक-दोन मायक्रॉनांचा किंवा त्याहूनही पातळ असतो. सौम्य रसायने, पक्ष्यांची विष्ठा आणि मळ यांना तो चांगला तोंड देतो, गाडी धुणे सोपे करतो आणि नीट काळजी घेतल्यास काही वर्षे टिकतो. अडचण त्याच्या कायमपणातच आहे. खाली जे चरे असतील ते तसेच राहतात, म्हणून आधी रंग पॉलिशने दुरुस्त करून आयसोप्रोपिल अल्कोहोलने तेलकटपणा पूर्ण काढावा लागतो. लावल्यानंतर जादा कोटिंग वेळेत पुसले गेले नाही तर तेलाच्या डागासारखे गडद पट्टे राहतात, आणि एकदा कडक झालेले पट्टे पुन्हा पॉलिश केल्याशिवाय निघत नाहीत. सावलीतली, धूळ नसलेली जागा आणि पुरेसा उजेड नसेल तर हे काम अंगावर घेऊ नये. बाहेरून करून घेताना कोटिंगच्या नावापेक्षा, आधी रंगाची किती दुरुस्ती होणार आहे आणि रंगाची जाडी मोजली जाणार आहे का, हे विचारावे. खर्चाचा मोठा भाग त्या मेहनतीचा असतो.

'९एच' कोटिंग म्हणजे दगडालाही न जुमानणारे कोटिंग का?

नाही. हा आकडा पेन्सिलीच्या कसोटीतला आहे. ठरावीक वजनाखाली, ४५ अंशांच्या कोनात धरलेली पेन्सिल थरावरून सरकवतात आणि कोणत्या पेन्सिलीने ओरखडा उमटतो ते पाहतात. त्या मापनातली सर्वांत कठीण पेन्सिल ९एच. खनिजांची कठीणता मोजणाऱ्या मोसच्या मापनाशी, ज्यात हिरा १० वर असतो, तिचा संबंध नाही. मोसच्या मापनावर साधी वाळू ७ च्या आसपास असते, त्यामुळे वाळूने ९एच कोटिंगवरही चरे पडतात.

ग्राफीन कोटिंग त्याहून सरस असते का?

यांतली बहुतेक उत्पादने मूळ सिरॅमिकचीच असून त्यांत ग्राफीन ऑक्साइड या कार्बनयुक्त पदार्थाचे थोडे मिश्रण असते. केवळ त्या नावासाठी अधिक पैसे मोजावेत असे मला वाटत नाही.

दगडांच्या माऱ्यापासून खरे संरक्षण कशाने मिळते?

पेंट प्रोटेक्शन फिल्मने, म्हणजे पीपीएफने. थर्मोप्लास्टिक पॉलियुरेथेनची ही पारदर्शक फिल्म साधारण १५० ते २०० मायक्रॉन जाड असते. म्हणजे ती एकटीच गाडीच्या संपूर्ण रंगाइतकी किंवा त्याहून जाड. हेलिकॉप्टरच्या पात्यांच्या पुढच्या कडा वाळूने झिजू नयेत म्हणून लावल्या जाणाऱ्या पॉलियुरेथेनच्या पट्ट्या या जातीतल्याच. चांगल्या फिल्मवरचे बारीक चरे ऊन किंवा गरम पाणी लागले की आपोआप भरून येतात. खोल काप मात्र भरत नाहीत.

संपूर्ण गाडी झाकणे बहुतेकांना गरजेचे नसते. महामार्गावर नेहमी जाणाऱ्या गाडीच्या पुढच्या बंपरला, बोनेटच्या पुढच्या भागाला, आरशांच्या पाठीला आणि दारांच्या मुठींमागच्या खळग्याला, जिथे नखांचे ओरखडे पडतात, फिल्म लावली तरी मोठे काम होते. फिल्म ताज्या किंवा सैल रंगावर लावू नये, कारण काढताना ती रंगासकट निघू शकते. कडा कशा वळवल्या आहेत, आणि फिल्म गाडीवरच कापणार की आधी कापलेली आणणार, हे अवश्य विचारावे. रंगावर पाते फिरवणाऱ्याचा हात चुकला तर संरक्षणासाठी लावलेली फिल्मच कापाचे निमित्त होते.

पाण्याचे मोत्यासारखे थेंब जमणे हे चांगल्या संरक्षणाचे लक्षण आहे का?

पृष्ठभाग पाण्याला दूर लोटतो आहे एवढेच त्यावरून समजते, रंग किती सुरक्षित आहे हे नाही. उलट जड पाण्याचा थेंब उन्हात जागच्या जागी वाळला, तर त्यातले कॅल्शिअम आणि मॅग्नेशिअमचे क्षार एका ठिपक्यात गोळा होतात आणि पांढरा गोल डाग राहतो. डाग ताजा असेल तर पांढरे व्हिनेगर तितक्याच पाण्यात मिसळून, टॉवेलने क्षणभर ठेवून, लगेच भरपूर पाण्याने धुतल्यास निघतो. जुना डाग क्लिअर कोटमध्ये रुतलेला असतो आणि त्याला पॉलिशच लागते. थेंबांची छायाचित्रे मोहक दिसतात खरी, पण गाडी धुतल्यावर ती तशीच वाळू देण्याची सवय कोटिंग असलेल्या गाडीलाही बाधते.

पक्ष्यांची विष्ठा, डांबर आणि झाडाचा चीक यांसाठी वेगवेगळी उत्पादने लागतात का?

विष्ठेसाठी उत्पादनापेक्षा वेळ महत्त्वाची. उन्हात रंग तापून किंचित मऊ होतो आणि गार होताना वाळलेल्या विष्ठेभोवती आकसतो. त्यामुळे तिचा ठसा राहतो. भिजवलेला कागदी रुमाल त्यावर पाच-दहा मिनिटे ठेवावा आणि नंतर उचलून घ्यावा, खरवडू नये. यासाठी गाडीत पाण्याची बाटली आणि दोन टॉवेल ठेवणे पुरेसे आहे. डांबरासाठी द्रावकयुक्त टार रिमूव्हर घ्यावा. तो वॅक्सही काढतो, म्हणून त्या जागी नंतर पुन्हा वॅक्स लावावे. चिकावर आयसोप्रोपिल अल्कोहोल चालते, तेही थंड रंगावर.

गाडी धुतल्यावरही रंग खरखरीत का लागतो?

हाताला पातळ प्लास्टिकची पिशवी घालून धुतलेल्या बोनेटवरून बोटे फिरवावीत. उघड्या हाताला न जाणवणारी खरखर लगेच कळते. ही खरखर ब्रेकची भुकटी, लोखंडाचे कण आणि रंगाचे उडालेले तुषार यांची असते आणि शाम्पूने ती जात नाही. आधी आयर्न रिमूव्हर फवारावा. लोखंडाशी संयोग होताच तो जांभळा होऊन ओघळू लागतो. त्याचा कुजक्या अंड्यासारखा वास येतो, तो रसायन खराब झाल्यामुळे नव्हे. हे द्रावण रंगावर वाळू न देता धुऊन टाकावे. उरलेल्यासाठी क्ले बार, म्हणजे रंगात अडकलेले कण उचलून घेणारा चिकणमातीसारखा मऊ गोळा, शाम्पूच्या पाण्याने भरपूर ओल्या केलेल्या रंगावर, दाब न देता फिरवावा. क्लेनेही बारीक चरे पडू शकतात, म्हणून तो वर्षातून एक-दोनदाच, आणि शक्यतो पॉलिशच्या आधी वापरावा. क्ले हातातून जमिनीवर पडला तर तो टाकून द्यावा, मग डबी कालच फोडलेली का असेना.

मॅट रंगाला काय चालते?

मॅट रंगाला नेहमीचे वॅक्स चालत नाही आणि पॉलिश तर नाहीच. घासल्याने पडलेला चकचकीत ठिपका पुन्हा मॅट करता येत नाही. मॅटसाठी खास बनवलेले शाम्पू आणि सीलंट घ्यावेत.

ओरखड्यावर टूथपेस्ट लावावी का?

टूथपेस्टमध्ये घासणारे कण असतात, त्यामुळे उथळ चरा थोडा पुसट होतो हे खरे. पण कण किती भरड आहेत हे आपल्याला माहीत नसते, आणि हलक्या पॉलिशची छोटी बाटली तेच काम अधिक खात्रीने करते. आधी नख ओरखड्यावरून आडवे फिरवून पाहावे. नख अडकत असेल तर ओरखडा पॉलिशने निघण्याइतका उथळ नाही. तो काढण्याच्या नादात क्लिअर कोटच संपेल. आत पत्रा दिसत असेल तर गाडीच्या रंगसंकेतानुसार मिळणारा टच-अप रंग लावून गंज रोखावा, दिसण्याचा विचार नंतर करावा.

टपावर पांढरे पापुद्रे सुटू लागले आहेत. कोणते कोटिंग लावावे?

कोणतेही नाही. क्लिअर कोट सुटला की त्याला परत चिकटवणारे उत्पादन नाही; ते पॅनेल घासून पुन्हा रंगवावे लागते.

गाडीवर कव्हर घातले तर हे सारे टळेल का?

छपराखाली आणि स्वच्छ गाडीवर घातलेले मऊ कव्हर उपयोगी ठरते. धुळीने माखलेल्या गाडीवर घातलेले कव्हर वाऱ्याने हलत राहिले तर दिवसभर ती धूळ रंगावर घासत बसते; त्यापेक्षा गाडी उघडी राहिलेली बरी. कोरड्या झटकणीचेही तेच.

टॉवेल आणि उरलेली उत्पादने कशी ठेवावीत?

मायक्रोफायबर टॉवेल सुती कपड्यांबरोबर धुऊ नयेत, कारण सुताचे तंतू त्यांत अडकतात. फॅब्रिक सॉफ्टनर वापरू नये, तो धाग्यांवर बसतो आणि टॉवेल पाणी टिपेनासा होतो. द्रव साबण, कोमट पाणी आणि सावलीत वाळवणे एवढे पुरे. वॅक्सचे, चाकांचे आणि पाणी टिपण्याचे टॉवेल वेगळ्या रंगांचे घेतले तर अदलाबदल होत नाही. सिरॅमिक कोटिंगची बाटली उघडल्यानंतर आत शिरलेल्या दमट हवेने तिच्या तोंडाशी स्फटिक जमू लागतात, आणि असा एक स्फटिक फडक्यावर आला तर संपूर्ण बोनेटवर रेघ ओढतो. उरलेले पाव बाटली कोटिंग पुढच्या वर्षासाठी जपून ठेवण्याऐवजी त्याच दिवशी स्वच्छ केलेल्या चाकांच्या रिमला लावून टाकावे.